मागच्या सीटची चोरी

२९ जून, रविवार
आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, मोटारसायकल अखेर घरी आली. घाटनांदूरहून, टेम्पोत, कडब्याच्या पेंढ्यांसोबत. माझा धाकटा भाऊ संगमेश तिथे खत-बियाण्याचं दुकान चालवतो. आप्पा गेल्यापासून त्याने गाडी गोदामात ठेवली होती आणि तिच्यावर युरियाची पोती. पुढच्या चाकात चिमणीचं घरटं निघालं. भाऊ म्हणून बोलले नाही. म्हणजे, फारसं बोलले नाही.
बहात्तरच्या दुष्काळात विहिरी खोदायला आलेला एक इंग्रज इंजिनिअर जाताना ही गाडी आप्पांना देऊन गेला. डोंगरात, दगडधोंड्यांवरून चालवायची गाडी. हिला ट्रायल्स म्हणतात. बनवणारी कंपनी केव्हाच बंद झाली.
संकल्प: दिवाळीपर्यंत गाडी जशीच्या तशी उभी करायची. प्रत्येक पार्ट अस्सल. अंबाजोगाईच्या पोरांना मी पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आहे. नटबोल्ट त्याहून अवघड नसणार.
दुसरा संकल्प: चिडायचं नाही.

१ जुलै
चिडले.
गाडी धुतल्यावर काय प्रकार आहे ते दिसलं. मागची सीट नाही. पुढची आहे ती पोळपाटाएवढी. हेडलाइट नाही. स्पीडचा काटा नाही. पेट्रोलची टाकी तांब्याएवढी. मूळची मोठी टाकी काढून ही बसवली असणार. सायलेन्सर खाली हवा तो कुण्या अडाण्याने वर नेऊन ठेवला आहे. सरळ सरळ लूट. गोदामाची किल्ली एकाच माणसाकडे होती.
आमच्या यांचं हार्डवेअरचं दुकान, त्यामुळे लोखंडातलं आपल्यालाच कळतं असा यांचा समज. म्हणाले, अगं, अशीच असंल ती. मी म्हटलं, मागची सीट नसलेली मोटारसायकल कोण बनवेल? बायकोला काय खांद्यावर न्यायचं? यावर म्हणतात, इंग्रज लई हुशार.

४ जुलै
इंटरनेटवर ट्रायल्सबद्दल वाचलं. या स्पर्धेत वेगाला किंमत नाही. खडकांवरून, ओढ्यातून हळूहळू जायचं. पाय जमिनीला टेकला की मार्क कापतात. फार आवडलं. हैदराबादच्या आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ॲग्नेस साधारण याच पद्धतीने शिकवायच्या.
फोटोही होते. बघितले नाहीत. चित्रं बघून धडा समजणारी पोरं मी जन्मभर नापास केली आहेत.

९ जुलै
युवराज मेकॅनिक येऊन गेला. म्हणाला, मॅडम, मॅग्नेटोची कॉइल गेलीय, क्लचच्या प्लेटा गेल्यात, ह्ये मिळणं लई अवघड हाय, पयलं ह्येच हुडका. मी म्हटलं, आधी सीट. तो म्हणाला, सीट नसली तरी गाडी चालती, कॉइल नसली तर हालत न्हाई. मुद्दा सोडून बोलणारी माणसं. कॉइलचं यांच्यावर सोपवलं. किरकोळ कामं त्यांना बरी जमतात.

१८ जुलै
संगमेशला फोन. शांतपणे विचारलं, सीट कुणाला विकलीस? म्हणाला, कंची सीट? प्रत्येक चोर आधी हेच विचारतो. मग म्हणाला, अक्का, काहून असं बोलतीस? मला समजाय लागल्यापासून ती गाडी अशीच हाय.
त्याला आठवण करून दिली की मी सुट्टीला होस्टेलवरून यायची, तेव्हा आप्पा मला याच गाडीवर मागे बसवून स्टेशनावरून घरी आणायचे. मला अजून वारा आठवतो. तो म्हणाला, न्हाई अक्का, तुला आणाय टांगा यायचा. मी बी असायचो टांग्यात. तू मला रस्ताभर चिमटे काढायचीस.
चिमट्यांचा इथे काय संबंध?

२९ जुलै, नागपंचमी
माहेरी गेले नाही. सांगून टाकलं आहे: मागची सीट मिळेपर्यंत घाटनांदूरची पायरी चढणार नाही. भावजयीने, ईश्वरीने, फोनवर रडका सूर लावला. वन्सं, तुमच्यासाठी दिंडं उकडलीत हो. म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. संध्याकाळी संगमेशने डबा पाठवला. तुपासकट. दिंडं खाल्ली. अन्नाशी माझं वैर नाही.

९ ऑगस्ट, राखीपौर्णिमा
राखी पोस्टाने पाठवली होती. पाकिटात एकच ओळ लिहिली: सीट, हेडलाइट, टाकी, सायलेन्सर.
रात्री त्याचा फोन. राखीबद्दल एक शब्द नाही. फक्त विचारलं, अक्का, भाऊबीजेला येऊ का नको? मी म्हटलं, सीट घेऊन ये, ओवाळीन. रिकाम्या हाताने आलास तर उंबऱ्यातून परत. त्याने पाकिटातली यादी परत एकदा वाचून दाखवली. मग म्हणाला, बरं.
हे म्हणाले, अगं, एकुलता एक भाऊ तुझा. लग्न झाल्यापासून एक भाऊबीज चुकली नाही त्याची. पुराच्या साली कमरेएवढ्या पाण्यातून आलता, मिठाईचा पुडा डोक्यावर धरून. मी म्हटलं, पुडा ओला झाला होता.

२४ ऑगस्ट
मोठं यश. परळीच्या पप्पू भंगारवाल्याकडे सीट मिळाली. म्हणाला, मावशी, अस्सल विलायती माल हाय, माझ्या आईची शप्पथ. मी इंग्रजीत दोन प्रश्न विचारून त्याची परीक्षा घेतली. त्याने दोन्हींना यस म्हटलं.

२५ ऑगस्ट
सीट गाडीवर बसेना. उसवून बघितली. आत स्पंज नाही. गेल्या निवडणुकीचे फ्लेक्स घड्या घालून भरलेले. एक उमेदवार माझ्याकडे बघून हात जोडत होता.
पप्पूला मी पहिल्या नजरेतच ओळखलं होतं. केवळ त्याला एक संधी द्यावी म्हणून घेतली.

१४ सप्टेंबर
गाडी सुरू झाली. यांनी कोल्हापूरच्या कुणा शौकीन माणसाला दहा-बारा फोन करून कॉइल मिळवली, प्लेटा युवराजने घासून बसवल्या. गल्ली गोळा झाली. शेजारच्या सत्यभामाबाईंनी हळदकुंकू वाहिलं आणि धुराने खोकत घरी गेल्या. हे गाडीवर उभे राहून, होय, उभे राहून, मुकुंदराजाच्या समाधीच्या बाजूच्या चढावर गेले. या वयात! खाली येऊन म्हणाले, शेळीवानी चढती गं. तू पण चल की.
मी कुठे बसणार होते? सीट कुठे आहे? आत येऊन भांडी घासली. कामवालीने घासलेलीच होती. परत घासली.

५ ऑक्टोबर
इथल्या माणसांचा नाद सोडला. विलायतेत जुन्या ट्रायल्स गाड्यांचा क्लब आहे, त्यांना ईमेल केला. निर्दोष इंग्रजीत. हरवलेल्या पार्टची मागणी आणि भावाच्या वर्तनाबद्दल थोडंसं. व्हिटकोम नावाच्या ऐंशी वर्षांच्या गृहस्थांचं उत्तर आलं: व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवा. स्पेलिंगच्या दोन चुका. तरी माणूस सभ्य वाटला.

१९ ऑक्टोबर
व्हिडिओ कॉल झाला.
ते गृहस्थ आधी स्क्रीनला नाक लावून बघत बसले. मला वाटलं नेट खराब आहे. मग म्हणाले, मॅडम, हिला कुणी हात तर लावला नाही ना? मी म्हटलं, लावलाय ना, तीच तर तक्रार आहे! सीट, टाकी, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एकेक सांगितलं. मागची सीट या गाडीला कधी नव्हतीच. ही उभं राहून चालवतात, दुसरा माणूस बसवतच नाहीत. टाकी लहान, कारण वजन नको. सायलेन्सर वर, कारण खाली दगड. हेडलाइट नाही, कारण स्पर्धा दिवसा. गाडीचा एकही पार्ट हरवलेला नाही. म्हणाले, इतकी अस्पर्श गाडी मी चाळीस वर्षांत पाहिली नाही, हिला एक भोकसुद्धा पाडू नका, आमच्या मासिकाच्या मुखपृष्ठावर हिचा फोटो छापायचा आहे.
थोडक्यात, गाडी अस्सल आहे हे माझं पहिल्या दिवसापासूनचं मत खरं ठरलं.
संगमेशला आजच सांगायची घाई नको. फोनवर मागितलेल्या माफीला वजन नसतं. भाऊबीजेला, पाटावर बसवून, नीट शब्दांत सांगेन. तो रिकाम्या हाताने आला तरी ओवाळीन. असा मोठेपणा मोठ्या बहिणीलाच शोभतो.

२० ऑक्टोबर
मी बाजारात गेले असताना युवराज गाडी घेऊन गेला. ऑइल गळतंय म्हणे. यांनी नेऊ दिली. भाऊबीजेला सकाळी मिळेल.

२२ ऑक्टोबर, पाडवा
युवराज फोन उचलत नाही. हे सारखे मिशीतल्या मिशीत हसताहेत. काय झालं विचारलं तर म्हणाले, काई न्हाई, सण हाय. माफीचे शब्द ठरवले: गैरसमज दोन्ही बाजूंनी झाला. दोन्ही बाजूंनी हे महत्त्वाचं.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
सकाळी फटफट ऐकू आली. फटफट नव्हेच, गडगडाट. ताम्हण हातात घेऊन दारात गेले.
संगमेश गाडीवरून उतरला. गाडीला झेंडूचा हार. मागे सीट. लांब, लाल रेक्झिनची, कडेला सोनेरी झालर. पुढे ट्रॅक्टरचा हेडलाइट. पोटाला टाकी, एवढी मोठी की पोतं वाटावं. सायलेन्सर खाली, चकचकीत. सगळं वेल्डिंग करून पक्कं. चौकट कापून.
त्याचे डोळे लाल होते. तेलगावच्या वेल्डरकडे तीन रात्री बसून होता म्हणे. युवराज आणि आमचे हे दोघंही कटात. संगमेश म्हणाला, अक्का, देवाशप्पथ सांगतो, मी चोरली न्हवती. पण तू हाय म्हणलीस म्हंजी असंल. घे. आता ओवाळ.
ठरवलेली माफी तशीच ठेवून दिली. पाटावर बसवून ओवाळलं. दिव्याचं तेल त्याच्या नव्या शर्टावर सांडलं. तो म्हणाला, राहू दे.
मग म्हणाला, बस मागं, घाटनांदूरच्या स्टेशनापतुर जाऊन येऊ. बसले. त्याच्या खांद्याला धरलं. वारा होता.

२४ ऑक्टोबर
संगमेशला फोन करून काढलेली टाकी आणि सायलेन्सर कुठे आहेत ते विचारलं. तुझ्या नजरंस पडाय नको म्हणून भंगारात घातलं, अक्का, म्हणाला. लातूरला ट्रकभर लोखंडासोबत वितळायला गेलं.
व्हिटकोम यांचा मेसेज: मुखपृष्ठासाठी फोटो पाठवा, उजेड चांगला असताना. कळवलं की आमच्याकडे सध्या उजेड बरा नाही.
संध्याकाळी परत संगमेशचा फोन. झोप लागत न्हाई म्हणाला. खरं सांग अक्का, आप्पांच्या येळची सीट अशीच हुती का? काही फरक असला तर बदलून घेतो.
म्हटलं, तंतोतंत.