टेबलावरचा ज्वालामुखी आणि नदीकाठची पायपीट

प्रति,
मा. प्राथमिक शिक्षण अधिकारी,
जिल्हा शिक्षण कार्यालय.

विषय : पाचवीच्या वर्गाची नदीकाठची पायपीट पुन्हा सुरू करण्याबाबत.
संदर्भ : 'विज्ञानात एआर : शिक्षकांची मते' हा आपला फॉर्म, "मत अपूर्ण, सुधारून पाठवा" या शेऱ्यासह दोनदा परत आलेला.

महोदय,

१. अर्जदार तेगलवुनीच्या शाळेत, म्हणजे ज्वालामुखीच्या उतारावरच, बावीस वर्षे विज्ञान शिकवते. सदर फॉर्मात 'उपयुक्त', 'फार उपयुक्त' आणि 'अत्यंत उपयुक्त' अशा तीनच चौकटी होत्या. तिने समासात 'निरुपयोगी' असे लिहिले. यात अपूर्ण काय, हे तिला अद्याप उमगलेले नाही.

२. टॅबलेट रोखला की त्याच्या पडद्यावर एआरचा, म्हणजे आभासी, ज्वालामुखी टेबलावर उभा राहतो, हे मान्य. खिडकी उघडली तरी राहतो, आणि तो खरा असतो. आपले प्रशिक्षक श्री. द्वियान यांनी मात्र पडदे ओढायला लावले. म्हणाले, "बु (म्हणजे बाई), बाहेरच्या उजेडात डोंगर नीट दिसत नाही हो!" एवढी विद्वत्ता घेऊन ते आठ तासांचा प्रवास करून आले होते, याचे अर्जदारास कौतुक वाटले.

३. टॅबलेट आले म्हणून आपण दरवर्षीची पायपीट बंद केलीत. राखेच्या चिखलाचा लोंढा कुठवर चढतो, त्याआधी पाण्याचा आवाज कसा बदलतो, कोणत्या वाटेने वर पळायचे, हे अर्जदार मुलांना नदीवर नेऊन दाखवत असे. "आता धोका कशाला पत्करायचा?" असे आपले पत्र म्हणते. धोका नदीत आहे, सहलीत नाही, एवढे पाचवीची मुलेही पूर्वी सांगत.

४. दि. ५ रोजी माथ्यावर पाऊस झाला आणि गावात केंतोंगान, म्हणजे इशाऱ्याचा बांबू, वाजू लागला. गेल्या वर्षी पायपीट केलेली सहावीची मुले चढाच्या वाटेला लागली. पाचवीची सात मुले नदीकडे धावली, बघायला. अर्जदाराने वेनिंग या मुलीला दंड धरून ओढले, तर ती चिडली, "सोडा ना बु! लोंढा कडेला येऊन थांबतो. टेबलावर थांबला होता की!" तो थांबला नाही. बांबूचा पूल घेऊन गेला. सातही मुले वाचली, त्यामुळे आपल्या अहवालात याला जागा मिळणार नाही.

५. अर्जदारास तेव्हापासून भीती वाटते, आणि आपली चीड येते. दोन्हींची नोंद घ्यावी.

सबब, शनिवार दि. २३ च्या पायपिटीस परवानगी द्यावी. न मिळाल्यास वर्ग तसाच निघेल. निलंबनाचा आदेश काढायचाच झाला, तर तो आपण स्वतः नदीकाठी येऊन हातात द्यावा. वर पळायची वाट अर्जदार आपल्यालाही दाखवील.

नाइलाजाने नम्र,
सुलास्त्री प्रिहातिन
विज्ञान शिक्षिका, तेगलवुनी
दि. १८ नोव्हेंबर २०२४

सोबत : सातही घरांची संमतीपत्रे.