बनूच्या तांब्यातलं जडत्व

पुन्हा बनूच्याच गावाला गेलास न्हवं रं हिंदुराव? इज्ञानाचं खेळ दावायला सांगलीहून कराडपातूर यंत्रांच्या पेट्या न्हेतोस, पडदा लावून लोकास्नी चंद्रावर उतरलेला माणूस दावतोस, अन् थोरली बहीण हितं माणदेशात ऱ्हाती, ती काय चंद्राच्या पल्याड हाय व्हय? असो. आशीर्वाद घे. तब्येत कळव. घसा बसला आसंल तर भोंग्यावर मधल्या बहिणीचं, त्या बनूचं, कवतिक करूनच बसला आसंल.

मला समदं ठावं हाय. बनूनंच पत्र धाडलं (चार पानी, त्यातली तीन पानं तिला म्होरं खुर्ची दिली त्याचीच). तिचा पाण्यानं भरलेला तांब्या टेबलावर ठेवलास, खालचं फडकं हिसक्यासरशी ओढलंस, तांब्या जागचा हलला न्हाई. अन् भोंग्यावर सांगितलंस, बघा, बनूताईच्या तांब्यात केवढं जडत्व हाय! अरं, तिचा तांब्या पोचे पडलेला, पत्र्याच्या डब्यावानी हलका. माझा आईनं दिलेला पितळी तांब्या उचलून बघ, मनगट भरून येतंय. मग जडत्व कुणाचं जास्त?

हेच मी हळदीकुंकवाला बायकांत बोलले. तर दगडाबाई (माझी धाकटी जाऊ, तिचं तोंड तुला ठावं हाय) म्हणती कशी, "मग दावा की वं आक्का, भाऊ एवढा परफेसर हाय तर." दावलं. फडकं गावंना म्हणून गोधडी घातली, वर तांब्या, भवतीनं दगडाबाईच्याच कपबशा (शोभेला), अन् नेटानं ओढली. गोधडी आली, तिच्यासंगं समदंच आलं. तांब्या दगडाबाईच्या अंगठ्यावर. अंगठा काळानिळा झाला, तवा तरी तिला माझ्या तांब्यातलं जडत्व पटावं का न्हाई? पण न्हाई. आता हिरीवर बायका इचारत्यात, "आक्का, भाऊ सख्खाच न्हवं?"

तवा तू ये. अन् तांब्या माझाच घ्यायचा.

तुझी थोरली आक्का,
राहीबाई

ता. क. चंद्र नसला तरी चालंल, तो हितं फुकट दिसतोय. पाणी सांडलं तरी चालंल. खुर्ची मी घरनं आणीन. फकस्त भोंगा दगडाबाईच्या दाराकडं फिरवून "ही माझी आक्का" एवढं म्हण. दोनदा म्हण.

आणि एक. बनूला बोलवू नगंस. न्हाई, बोलवच. मागं सतरंजीवर बसव.

उत्तर शनवारपातूर पायजे. न्हाई आलं तर सोमवारी तुझ्या कालेजात येऊन भर वर्गात तुला लहानपणीच्या नावानं हाक मारीन. ते नाव बनूला ठावं न्हाई. मला हाय.