नानांनी ओ दिली

तीर्थस्वरूप साडूभाऊंना बसल्या जागेवरून, पण मनापासून वाकून नमस्कार.

आपला गुडघा आता कसा आहे? ताईंचं डोकं उठणं थांबलं का? आम्ही इकडे तिघेही धडधाकट आहोत. हे पत्र हाताने लिहिण्याचं कारण म्हणजे माझा संगणक या क्षणी अपडेट होत आहे. चौदा टक्के झालेत. पडद्यावर एक वर्तुळ फिरतंय आणि खाली ‘संगणक बंद करू नका’ असं लिहिलंय. (मी काही करत नाहीये. मी त्याच्याकडे पाहतसुद्धा नाहीये.) अक्षर लावून घ्यावं. सात-आठ वर्षांत सहीपलीकडे हाताने काही लिहिलेलं नाही.

येत्या एक तारखेला नाना कायमचे तुमच्याकडे राहायला येणार, हे आपलं फोनवर ठरलंच आहे. गेल्या नव्हे, त्याआधीच्या रविवारी मी फोन केला तेव्हा माझा आवाज जरा चढलेला होता. आपण दोन शब्दांत ‘बरं, पाठवा’ म्हणालात आणि मी फोन ठेवला. आपले सासरे एकच असले, तरी सात वर्षं ते राहिले माझ्याकडे. तेव्हा ते तिकडे पोचण्याआधी आपल्याला चार गोष्टी ठाऊक असाव्यात आणि त्या रविवारी नेमकं काय घडलं तेही कळावं, म्हणून हा खटाटोप.

आमच्या घरात जेवणाचं टेबल एक, पण त्यावर संगणक तीन, तेही तीन जातींचे. खिडकीकडे तुमच्या मेहुणीचा मॅक, भिंतीकडे माझा विंडोजवाला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी नानांचा, आमच्या कचेरीने मोडीत काढलेला डबा. त्यावर नानांनी लिनक्स बसवलंय. (वय सत्त्याहत्तर. कोणी शिकवलं, विचारू नका. मी विचारलं होतं, उत्तर दोन तास चाललं.) तिघांना मिळून प्लगची पट्टी एकच. इतर घरांत सोफ्याच्या रंगावरून वाजतं, आमच्याकडे अपडेटवरून वाजतं. तुमच्या मेहुणीला, ती लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते हे आपण जाणताच, अपडेट आला की माहेरचं माणूस आल्याचा आनंद होतो. (माहेरचं माणूस सात वर्षं घरातच आहे, त्याचा होतो त्याहून जरा जास्तच.) ती टेबल पुसते, केस बांधते, चहाचा कप घेऊन पडद्यासमोर बसते आणि झाल्यावर म्हणते, बघ, कसं मोकळं मोकळं वाटतंय! मी बघतो. मला चौकटींचे कोपरे जरा जास्त गोल झालेले दिसतात. दोन दिवसांनी तिला तिचा आवडता ब्रश सापडत नाही, तेव्हा ती अपडेटला अवाक्षर बोलत नाही. आपल्यालाच शोधता येत नाही, असं म्हणते. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, माझ्या बाबतीत तिने इतकं समजून घेतल्याचं मला तरी आठवत नाही.

माझं म्हणाल तर मी साधा माणूस. चालतंय ना? मग हात लावू नका. आमच्या कचेरीत एका सहकाऱ्याने बैठकीच्या पाच मिनिटं आधी अपडेट लावून ठेवला आणि साहेबांसकट अकरा माणसं पाऊण तास भिंतीवरच्या पडद्याकडे बघत टक्के मोजत बसली. तेव्हापासून मी धसका घेतलाय. पडद्याच्या कोपऱ्यात ‘नवा अपडेट तयार आहे’ अशी पाटी यायची, टिंग असा आवाज व्हायचा आणि मी ‘नंतर आठवण करा’ हे बटण दाबायचो. तोही बिचारा दुसऱ्या दिवशी इमानेइतबारे आठवण करायचा. असं आम्ही चार वर्षं निभावलं. कोणाचं कोणावाचून अडलं नाही.

आणि नाना. नाना रोज सकाळी चहा झाला की काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत स्वतः हुकूम टाइप करून अपडेट मागवतात. आलेला नसेल तर हिरमुसतात. आलाच तर पडद्यावरून सरसर जाणारी प्रत्येक ओळ पुटपुटत वाचतात. मग दोन गोष्टी आणखी टाइप करतात, ज्या कोणी सांगितलेल्या नसतात आणि संगणकाचा आवाज बंद पडतो. दुपारपर्यंत आवाज परत आलेला असतो आणि नाना दोन पोळ्या जास्त जेवतात. एकदा त्यांनी असंच काहीतरी करून पडद्यावरचं सगळं आडवं करून ठेवलं आणि दोन दिवस मान वाकडी करून काम केलं. बिघडल्याशिवाय आत काय आहे ते कळणार कसं, असं त्यांचं म्हणणं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पस्तीस वर्षं दुरुस्तीच केली ना. आपल्याकडे रेडिओ, मिक्सर, दाराची घंटा असं जे काही धड चालू असेल, ते एक तारखेआधी उंचावर ठेवावं. (एकोणतीस टक्के.)

आता तो रविवार. सकाळी मी अंघोळीला गेलो होतो. संगणक चालू होता, त्यावर आमच्या पाणीपुरवठा कचेरीचे नकाशे होते. शहराच्या पश्चिम भागात जमिनीखालून कुठला नळ कुठून जातो, कुठला व्हॉल्व्ह कुठे आहे, हे अकरा वर्षं मी एकट्याने त्यात भरत आलोय. टिंग झालं. नाना शेजारीच होते. एक्स्चेंजमध्ये तिसऱ्या घंटेच्या आत फोन उचलायचा असा नियम होता म्हणे आणि निवृत्त झाल्यावरही तो त्यांच्या अंगातून गेलेला नाही. मी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो, तेव्हा पडद्यावर सत्तावीस टक्के झाले होते. नाना शांतपणे म्हणाले, ‘‘चार वर्षं कुणी हाक मारतंय आणि आपण ओ देत नाही, बरं दिसत नाही जावईबापू.’’ मी प्लगकडे धावलो, तर त्यांनी माझा हात धरला. मध्येच तोडलंत तर जुनंही जाईल आणि नवंही, म्हणाले. त्यात ते बरोबर होते, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणूनच जास्त राग आला.

दुपारी बाराला अपडेट झाला. संगणक झकास चालू लागला, फक्त नकाशांचा प्रोग्राम उघडेना. (चूक अपडेटची नव्हती. तो प्रोग्राम बनवणारी मंडळी केव्हाच दुकान बंद करून गेली होती, मीच त्याला इतकी वर्षं जपून वापरत होतो.) बुधवारी मुख्य रस्त्यावर खोदकाम सुरू होणार होतं. खोदणाऱ्यांना नळ कुठे आहेत ते माझ्याकडून मिळणार होतं. दुसरी प्रत कुठे ठेवली होती, असं आपण विचाराल. नानांनीही विचारलं. प्रतीसाठी मी एक कप्पा केला होता आणि त्यात काय ठेवायचं ते सवडीने ठरवणार होतो. तर अकरा वर्षं गेली असं समजून मी बाल्कनीत गेलो आणि आपल्याला फोन लावला. नानांबद्दल मी जे बोललो ते आपण ऐकलंच आहे. बाल्कनीचं दार नीट लागत नाही. (त्याची कडी बसवायची राहिली आहे, तीन वर्षं.) तेव्हा ते नानांनीही ऐकलं.

मी आत आलो तर नाना पेचकस शोधत होते. ‘‘मशीन जरा माझ्याकडे द्या,’’ एवढंच म्हणाले. पेचकस घेऊन त्यांनी माझी डिस्क बाहेर काढली, आपल्या डब्याला जोडली आणि काळ्या पडद्यावर टाइप करायला बसले. संध्याकाळपर्यंत रेघा दिसू लागल्या. सगळे नळ होते, पण नावं गेली होती. नुसत्या निळ्या रेघा आणि ठिपके. आता प्रत्येक ठिपका कुठला ते आठवून सांगणं आलं. सोमवारी आणि मंगळवारी मी रजा टाकली. मी सांगायचो, नाना टाइप करायचे. आणि मग एका कोपऱ्यावर ते थांबले. म्हणाले, हा व्हॉल्व्ह इथे नाही, बेकरीच्या पलीकडे आहे. मी म्हटलं, नाना, नकाशा माझा आहे. ते म्हणाले, असेल, पण खड्डा आमचा होता. त्या रस्त्याने टेलिफोनची केबल टाकली तेव्हा ते स्वतः खड्ड्यात उतरले होते आणि आमचा नळ त्यांच्या केबलच्या दीड हात खाली त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. मग काय, रस्त्यामागून रस्ते निघाले. कुठे खडक लागला, कुठल्या घरातल्या बाईंनी खोदणाऱ्या सगळ्यांना सरबत दिलं, कुठे पाऊस आला म्हणून पाच माणसं एका पत्र्याखाली दोन तास उभी राहिली. साडूभाऊ, सात वर्षं आम्ही एका छपराखाली राहिलो आणि ‘चहा झाला का’ आणि ‘पेपर कुठाय’ यापलीकडे आमचं बोलणं झालं नव्हतं. मला त्यांचं बोलणं आवडतं, हेही मला त्या मंगळवारीच कळलं. बुधवारी खोदलं. व्हॉल्व्ह बेकरीच्या पलीकडेच निघाला. माझ्या नकाशावर गेलो असतो, तर नळच फुटून निम्म्या शहराच्या तोंडचं पाणी पळालं असतं.

असो. ठरलेलं ते ठरलेलं. नाना तेव्हापासून एका खोक्यात तारा गुंडाळून भरतायत. सूचना अशा, की त्यांना चहा पितळी पेल्यात लागतो, पण कप दिला तर तक्रार करत नाहीत, म्हणून पेला न विचारताच द्यावा. टाइप करताना ओठ हलत असले तर हाक मारू नये. त्यांची खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवावी, कोण आलं ते त्यांना दिसायला हवं. पेपरमधलं शब्दकोडं ते सोडवतात, पण शेवटचे दोन शब्द मुद्दाम रिकामे ठेवतात. ते घरातल्या कुणीतरी भरावेत अशी त्यांची अपेक्षा असते, मात्र हे ते कधी सांगणार नाहीत. (मलाही सात वर्षं कळलं नव्हतं. मला वाटायचं त्यांना येत नाहीत.) त्यांच्या दोन चष्म्यांतला एक नेहमी हरवलेला असतो, तो फ्रिजवर पाहावा.

ताईंना नमस्कार. गुडघ्याला जपा.

आपला,
धाकटा साडू

ता. क. आपण नानांसाठी खोली रिकामी केली असेल, पलंगही हलवला असेल, याची मला कल्पना आहे. तरी एक विचारायचं होतं. एक तारखेचं हे जरा पुढे ढकलता येईल का? म्हणजे पुढच्या महिन्यात, किंवा उन्हाळ्यानंतर, किंवा मग तुम्ही मला नंतर कधीतरी आठवण करा. मी रागाच्या भरात बोललो. नाना गेले तर मला करमायचं नाही. हे त्यांच्या तोंडावर सांगायला मी दहा दिवस रोज टेबलाशी बसतो आणि पेपर मागून उठतो. तुमच्याकडूनच काही अडचण निघाली, पाहुणे आले, खोलीला रंग काढला, असं त्यांना कळवलंत तर फार उपकार होतील.

ता. क. २. आजचा अपडेट मी स्वतः लावला आहे. टिंग झालं आणि दाबलं. दुसरी प्रत आधी काढून ठेवली होती. आत्ता पूर्ण झाला. बाल्कनीच्या कडीचं मात्र राहिलंच.

ता. क. ३. नाना पायी फिरायला निघालेत, पत्र त्यांच्याच हाती पोस्टात देतो. घरात डिंक सापडला नाही, म्हणून पाकीट नुसतं दुमडलंय. काळजी नसावी. एक्स्चेंजमध्ये पस्तीस वर्षं लोकांची बोलणी कानावर पडली, पण त्यांनी एकही ऐकलं नाही, असं ते स्वतःच सांगतात.

(वेगळ्या हस्ताक्षरात)

थोरल्या जावईबापूंना अनेक आशीर्वाद. लाइन पुढे जोडून देण्याआधी तपासून पाहायची सवय आहे, म्हणून पत्र वाचलं. नळ केबलच्या दीड नव्हे, दोन हात खाली होता. मी एक तारखेला येत नाही, हे तुम्हाला त्या सोमवारीच फोनवर सांगितलं होतं आणि यांना कळवू नका असंही म्हटलं होतं. तुम्ही शब्द पाळलात, बरं वाटलं. खोक्यातल्या तारा नाहीतरी आवरायच्याच होत्या. धाकट्यांना घाई केलेली चालत नाही, सवडीने कळू द्यावं लागतं. मी चार वर्षं धरून चाललो होतो. अकरा दिवसांत झालं.