फडातली रेंज

गुरुवार, दिवेलागण

पाथर्डीच्या दुकानात पाहिलेल्या तीन मोबाईलचा तक्ता केला: बॅटरी, कॅमेरा, किंमत. सिम कोणत्या कंपनीचं, तेवढंच ठरेना. घरातला पहिला स्मार्टफोन, चूक नको. दसऱ्यानंतर आई तो ऊसतोडीला नेईल आणि मी इथे चुलत्यांच्या मोबाईलवर तिला रोज पाहीन. त्यासाठीच तर घ्यायचा.

शेवटी तिलाच विचारलं, "उसाच्या फडात कुणाची रेंज असते?"

"खाली कुणाचीच न्हाई रं. भरलेल्या गाडीवर चढलं की येती. तिथनंच करते की तुला फोन."

आणि मी दरवर्षी रुसतो, एवढ्यात फोन का ठेवतेस म्हणून!

"ते तोंड बघायचं काढू नको बाबा," ती हसली. "गाडीवर एका हातानं दोर धरावा लागतो, पडू नये म्हणून."

कॅमेऱ्याचा रकाना खोडला. यंदा तिचा फोन आला, की मीच आधी ठेवणार.