धावपट्टीवरची नारिंगी सोंड

थोरल्या ताईला धाकट्या बात्सेबाचा वाकून नमस्कार. देवाच्या कृपेनं आम्ही बेटावर खुशाल, तूही तिकडे आंबोन शहरात खुशाल असशीलच. गुडघे कसे आहेत? झोप लागते ना? मी शिवून पाठवलेली नारिंगी खोळ अजून तुझ्या लोडाला आहे ना? (असू दे. उगीच विचारलं.)

ताई, आनंदाची बातमी आहे. म्हणजे आनंदाचीच असावी, माझं डोकं जरा गरगरतंय. आपलं विमान परत सुरू होणार! बोटीत आतडी तोंडात येतात, आता बेटावर पाय ठेवीन तर विमानानंच, असं तू शपथेवर म्हणालीस, त्याला नऊ वर्षं झाली. तू शपथ घेतलीस आणि वर्षभरात विमानच बंद पडलं. (आधी दर मंगळवारी यायचं, मग महिन्यातून एकदा, मग नाताळात, मग नुसता आवाज यायचा, आणि तोही ढगांचा निघायचा.) एवढी ऐसपैस पट्टी रिकामी कशी ठेवायची, म्हणून सगळं गाव तिथं लवंगा वाळवतं. डांबर असं तापतं, की तीन दिवसांत लवंग कडक! घराघराची जागा ठरलेली. आपली पांढऱ्या आकड्यापासून फुटक्या दिव्यापर्यंत. माणसं तोलायचा काटा होता ना, ज्याच्यावर ओबेत तुझं वजन साऱ्या गावाला ओरडून सांगायचा, त्यावर आता लवंगांची पोती चढतात. (तुझ्याइतकं अजून एकही भरलं नाही.) ओबेत मात्र रोज सरकारी टोपी घालून विमानतळ सांभाळतो. तिकिटाच्या खोलीत त्याच्या बकऱ्या असतात.

तर पुढच्या गुरुवारी तपासणीचे साहेब येणार. पट्टी साफ आणि सामान जागच्या जागी दिसलं तर विमान, नाहीतर यादीतून बेटाचं नाव कायमचं खोडणार, असं गावप्रमुखांनी चर्चच्या भोंग्यावरून सांगितलं. आम्ही झाडू घेऊन धावलो. अर्ध्यांनी आपल्या लवंगा गोळा केल्या, तेवढ्यात उरलेल्या अर्ध्यांनी त्या मोकळ्या जागी आपल्या पसरल्या! मग कुणीतरी वर बघितलं, तर खांबावर सोंडच नाही. ती गं, वारा कुठला ते दाखवणारी कापडाची लांब नळी. ती नसेल तर विमान उतरतच नाही म्हणे.

"तुझ्या बकरीनं खाल्ली!" गावप्रमुख ओबेतवर ओरडले.

"साहेब, बकरी खांबावर चढते होय?"

"तुझी बकरी तिकिटंसुद्धा विकत असेल, मला काय सांगतोस!"

बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी सगळ्यांच्या वरताण ओरडले, "नेणाऱ्याचे हात झडोत!" (आणि लगेच मनात देवाला म्हटलं, हे मनावर घेऊ नकोस.) मग पाद्रीबाबांची जुनी विजार खांबाला बांधून बघितली. वारा भरला, तर एक पाय समुद्राकडे, दुसरा डोंगराकडे. पायलटनं कुठल्या पायाचं ऐकायचं? पाद्रीबाबा त्या दिवसापासून घराबाहेर आले नाहीत.

मला तर काही उमजेनासं झालंय. विमान आलं तर तू येशील, पण लवंगा वाळवायच्या कुठं? लवंगा वाळवत बसलं तर तू नाहीस. आणि मी एकाहत्तरची, तू शहात्तरची. आणखी किती हंगाम वाट बघायची? जाऊ दे. विमानच येऊ दे.

घरातल्या सगळ्यांना माझे पापे.

तुझीच,
बात्सेबा

ता. क. ताई, रागावू नकोस. विमान बंद पडलं त्या वर्षी वादळात ती सोंड माझ्या अंगणात येऊन पडली. लांब, गोल, दोन्हीकडून उघडी. बघताक्षणी मनात आलं, ताईचा लोड! मी फक्त एक टोक शिवलं. तू कौतुकानं लिहिलं होतंस, खोळीत वारा छान खेळतो म्हणून. खेळणारच गं. ती खोळ बुधवारच्या बोटीनं पाठव.

ता. क. आणखी. नको, कुणाच्या हाती देऊ नकोस, लोक ओळखतील. तूच घेऊन ये. बोटीत लोड पोटाशी घट्ट धरून डोळे मिटून पड, पोट ढवळणार नाही. ओबेतची माफी मागायला जाईन तेव्हा तू शेजारी उभी राहा, एकटीनं मला जमणार नाही.

ता. क. शेवटचं. तू बोटीनं आलीसच, तर सोंड खांबावर चढवायची की नाही, ते दोघी मिळून सावकाश ठरवू. माझ्या लवंगा अजून ओल्या आहेत.