चमच्याच्या ओळीत छत्री

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल शाळेच्या सांगण्यावरून तुझ्या केंद्रात खारूची आकलन-तपासणी झाली. भाची म्हणून तू बाजूला राहिलीस, तुझ्या हाताखालच्या बाईंनी तपासलं. बारा प्रश्न, बारा शून्यं. खाली शेरा, की या मुलीला बोललेला प्रश्न समजत नाही. वीस तारखेला हा कागद समितीपुढे जाईल आणि माझी सहा वर्षांची पोर तिच्या वर्गातून, तिच्या मैत्रिणींतून उठवली जाईल.

मी सुन्न झालोय. घरी आल्या आल्या मी चष्मा कुठे ठेवला ते विचारतो आणि माझे बूट काढून होईपर्यंत ती तो आणून देते. प्रश्न न समजता? मी कोपऱ्यात बसून पाहत होतो. बाईंनी विचारलं, चमचा कशाला लागतो. खारू म्हणाली, छत्री. बाईंनी उत्तर लिहून घेतलं आणि पुढे शेरा मारला, असंबद्ध.

माणसाची पोर म्हणजे काय वजनकाट्यावरची भाजी आहे?

रागावलोय, तरी तुझाच,
धाकटा

८ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

सभेतली भाषा मला नको. इथे टाळ्या वाजवायला कोणी नाही. प्रश्न एकदाच विचारायचा, पाच सेकंद थांबायचं, उत्तर आलं नाही तर शून्य देऊन पुढे जायचं, हा नियम वीस वर्षांपूर्वी मीच तपासणीच्या पुस्तिकेत घातला. नाहीतर तुझ्यासारखे मायाळू बाप भुवया उडवून उत्तरं सुचवतात. भाचीसाठी तो वाकवणार नाही.

एवढाच विश्वास असेल तर घड्याळ घेऊन बस. एकेक प्रश्न विचार आणि तोंड बंद ठेव. तुला ते जमेल का, याचीच शंका आहे.

खारूला पापा. लोभ कमी झालेला नाही.
ताई

११ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जमलं. जन्मात पहिल्यांदा गप्प बसलो, बायको थक्क झाली.

पाऊस आला तर काय घेशील, असं विचारलं. पाच सेकंद झाले, काही नाही. सात, आठ. खारू खिडकीकडे बघत होती. दहाव्या सेकंदाला म्हणाली, छत्री. बाराही प्रश्नांना असंच, नऊ-दहा सेकंदांनी. बाराही उत्तरं बरोबर.

ताई, त्या दिवशी चमच्याच्या आधीचा प्रश्न पावसाचाच होता. तिचं उत्तर येईपर्यंत बाई पुढच्या प्रश्नावर गेल्या होत्या. कागद काढ आणि बघ.

वाट पाहतोय.
धाकटा

२१ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

कागद काढला. प्रत्येक उत्तर एक ओळ वर सरकवून वाचलं. सगळी बरोबर.

काल समितीपुढे उभी राहून सांगितलं, की चूक मुलीची नाही, नियमाची आहे आणि नियम माझा आहे. खारू तिच्या वर्गातच राहील. पाच सेकंदांचा नियम रद्द झाला.

पण मग मी कपाट उघडलं. वीस वर्षांचे कागद. ज्यांच्यावर असंबद्ध लिहिलंय तेवढे वेगळे काढले आणि तसेच एक ओळ वर सरकवून वाचले. एक्केचाळीस मुलं, धाकट्या. एक्केचाळीस मुलं बरोबर उत्तर देत होती आणि आम्ही त्यांना त्यांच्या वर्गांतून उठवलं. कित्येक कागदांवर अक्षर माझं आहे.

एकेकाचा पत्ता शोधून जाणार आहे. सुरुवात रविवारी तुझ्या घरापासून.

जमलं तर माया ठेव.
ताई

२७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रविवारी निघताना दारात तू खारूला विचारलंस, आत्यावर रागावलीस का. ती बोलली नाही, तुझे डोळे भरले आणि तू भराभरा जिना उतरलीस.

तू पहिल्या वळणापाशी पोचली असशील, तेव्हा तिने उत्तर दिलं. म्हणाली, हो.

उरलेल्या एक्केचाळीस दारांत मात्र उभी राहा, ताई. उत्तर येईपर्यंत.

तुझाच,
धाकटा