डाव्या बाजूचा घास

सोमवार, ११ मार्च

प्रिय भाऊजी,

नमस्कार. तिकडे सगळे धडधाकट असाल असं धरून चालते, कारण तुमच्याकडून काही कळायची सोय नाही. फोनच करणार होते, पण आमच्या घरचा नंबर दिसला की तुमचा फोन वाजून वाजून दमतो, ते मला ठाऊक आहे. पत्र मात्र तुम्ही उघडता. माझं अक्षर ओळखून का होईना, उघडता.

इकडची खबरबात बरी आहे. नात आता चांगलीच उंच झाली आहे. कॉलेजात इंग्रजी हा मुख्य विषय घेतलाय आणि घरात सगळ्यांना दुरुस्त करत फिरते. जावयांची बदली टळली. शेजारच्या शिंपीणबाईंनी पुन्हा माझ्या दोरीवर कपडे वाळत घालायला सुरुवात केली आहे. मी तोंड उघडलं की भांडण होतं, मिटलं की पोटात दुखतं.

तुमच्या दादांना मध्यंतरी जरा बरं नव्हतं. तोंड एका बाजूला ओढल्यासारखं झालं आणि उजवा पाय ऐकेना, म्हणून दवाखान्यात आणलं. आता तोंड बरंच सरळ आहे. काळजीचं काही नाही असं सगळेच म्हणतात. आम्ही अजून दवाखान्यातच आहोत, एवढंच. खोली हवेशीर आहे, खिडकीखाली सायकलींचं दुकान आहे, दिवसभर कुणाच्या तरी चाकात हवा भरत असतात. मला एक बाकडं दिलंय. त्यावर मी झोपते असं म्हणायचं.

इथे आल्यापासून माझं एका शब्दाशी वाजलंय. सकाळी सिस्टर येते, दारातूनच विचारते, ‘आजोबांचं फीड झालं?’ दुपारी दुसरी येते, ती भिंतीवरच्या तक्त्यात लिहिते, फीड दिलं. पहिल्या दिवशी मी तिला म्हटलं, ‘बाई, माणूस जेवतो. फीड काय?’ ती बिचारी हसली आणि म्हणाली, इथे सगळे तसंच म्हणतात. मला काही ते पचलं नाही. संध्याकाळी नात आली तेव्हा तिच्यापुढे तक्रार मांडली. तिला काय, निमित्तच हवं होतं. पलंगाच्या दांडीला टेकून तिने माझी शाळा घेतली. म्हणाली, आजी, ईट म्हणजे आपण आपलं खाणं, फीड म्हणजे दुसऱ्याने खाऊ घालणं. तान्ह्या बाळाला फीड करतात, गाईगुरांना करतात, कोंबड्यांच्या दाण्यालाही फीडच म्हणतात. ती मोबाइलवर अंगठ्याने सरकवत बसते, तेही म्हणे फीडच. मी म्हटलं, म्हणजे बाळ, कोंबडी, तू आणि तुझे आजोबा एका रांगेत. ती म्हणाली, रांग नाही गं आजी, फक्त खाणाऱ्याने काही करायचं नसतं, करणारा दुसरा असतो.

मग तिनेच विचारलं, मशीनलाही फीड करतात ना, आजोबा छापखान्यात तेच करायचे ना? मला एकदम तुमचा छापखाना आठवला. शाईचा वास, रॉकेलचा वास, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो खटक्-धप्प आवाज. मी डबा घेऊन यायचे तेव्हा रस्त्यातूनच ऐकू यायचा.

असो. ते जाऊ द्या.

यांची जेवणं वेळेवर चालू आहेत, वजन फारसं उतरलेलं नाही. तुम्ही मुद्दाम यायची तसदी घेऊ नका. तुमचंही वय झालंय, प्रवास सोसायला हवा. कळवलं नाही असं नको, म्हणून कळवलं.

सगळ्यांना माझी आठवण सांगा.

तुमची
वहिनी


रविवार, १७ मार्च

प्रिय भाऊजी,

तुमचं पत्र मिळालं. इतक्या वर्षांनी आलं आणि चार ओळींत आटोपलं, पण आलं. मी ते बाकड्यावर बसून वाचलं आणि मग यांना वाचून दाखवलं. ऐकू येतं त्यांना, समजतंही सगळं. बोलता येत नाही, हे मागच्या पत्रात लिहायचं मी टाळलं.

शेवटच्या ओळीत तुम्ही विचारलंत, दादाला खायला काय देता? दुसरं काही विचारलं असतंत तर मी पुन्हा गोलमाल उत्तर दिलं असतं. पण तुम्ही नेमकं तेच विचारलंत, तेव्हा आता खरं लिहिते.

काही देत नाही, भाऊजी. आलो त्या दिवसापासून दोन चमचे सोडले तर तोंडाने काही गेलेलं नाही, त्या दोन चमच्यांचं पुढे सांगते. नाकातून नळी घातली आहे, तिच्यातून पांढरं, दुधासारखं काहीतरी वरच्या बाटलीतून थेंब थेंब उतरतं. त्यालाच फीड म्हणतात. ते उतरताना हे छताकडे बघत असतात. चव नाही, वास नाही, चावणं नाही. बाटली रिकामी झाली की कुणीतरी येऊन काढून नेतं, आणि तक्त्यात लिहिलं जातं की झालं. मी शेजारी बसून माझा डबा उघडते आणि पुन्हा बंद करते. त्यांच्यासमोर मला खाववत नाही. बाहेर जिन्यात उभी राहून खाते.

इथे गिळायला शिकवणाऱ्या एक बाई येतात. तेवढंच त्यांचं काम. आधी मला हसूच आलं, गिळायला काय शिकवायचं? आता त्या आल्या की मी उठून उभी राहते. त्या रोज चमच्यात जरासं दाटसर काहीतरी घेऊन ओठांशी नेतात, गळ्यावर दोन बोटं ठेवतात आणि वाट बघतात. घशात गिळण्याइतकं बळ आलंय असं त्यांचं म्हणणं. पण हे तोंडच उघडत नाहीत. उघडलं तर घास गालात धरून ठेवतात. मग बाई तो पुसून काढतात. घास चुकून श्वासाच्या वाटेने गेला तर छातीत बिघाड होईल, म्हणून कुणी बळजबरी करत नाही.

आणि यांचा डावा हात सारखा चाळवतो. पांघरुणाची कड चिमटीत धरतात, उचलतात, पुढे सरकवतात, सोडतात. पुन्हा धरतात. नळी ओढतील या भीतीने हाताला जाड मोजा घातला होता. आम्हाला वाटायचं, अस्वस्थ आहेत.

गुरुवारी त्या बाईंनी मला सहज विचारलं, हाताने कसलं काम करायचे हे? मी म्हटलं, छापखान्यात फीडर होते. आणि बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं, भाऊजी. ते ताव घालत होते. पलंगावर पडून इतके दिवस हा माणूस मशीनला कागद देत होता आणि आम्ही त्याच्या हाताला मोजा घातला होता.

बाई हुशार आहेत. त्यांनी दवाखान्याच्या ऑफिसातून जुन्या कागदांचा गठ्ठा आणवला, आडव्या फळीवर ठेवला आणि मोजा काढला. यांनी अंगठ्याने गठ्ठ्याला हवा दिली, पहिला कागद सुटा केला, पुढे सरकवला. मग दुसरा. ताल अगदी तोच. मग बाईंनी विचारलं, काम करताना हे जेवायचे कसे?

आता मी ते त्यांना सांगितलं, तसं तुम्हाला काय सांगणार? तुम्हीच तर होतात तिथे. शाळेची पुस्तकं निघायची त्या दिवसांत मशीन थांबवायचं नाही असा मालकांचा हुकूम. हे फळीपाशी उभे, तुम्ही पलीकडे छापलेले ताव उचलायला. मी डबा आणून ठेवायचे. तुम्ही हात पुसून यांच्या डाव्या बाजूला यायचात, घास करून तोंडाशी न्यायचात आणि म्हणायचात, ‘घे.’ हे न बघता तोंड उघडायचे. नजर तावाच्या कडेवरून हलायची नाही. तुम्ही परत तुमच्या जागेवर, तिथे साठलेलं उचलायचं, पुन्हा इकडे. एकदा मी हसले तर तुम्ही म्हणालात, वहिनी, दादा मशीनला फीड करतो, मी दादाला करतो, मला मात्र कुणी विचारत नाही. मग तुम्हाला घास द्यायला मी पुढे झाले, तर लाजून पळालात.

बाईंनी मला डाव्या बाजूला उभं केलं आणि चमचा माझ्या हातात दिला. हे कागद घालत होते. मी चमचा ओठांशी नेला आणि म्हटलं, घे.

मी यांना कधी ‘घे’ म्हटलं नाही आयुष्यात. तुम्हाला माहीत आहे, आमच्यात ‘अहो’ आणि ‘ऐकलंत का’ यापलीकडे काही नव्हतं.

यांनी तोंड उघडलं. बाईंची बोटं गळ्यावर होती. त्यांनी मान डोलावली. गेला. मी दुसरा चमचा नेला. तोही गेला. मी अगदी शहाण्यासारखी उभी होते. तिसऱ्या वेळी कागद एकमेकांना चिकटले, ताल मोडला, आणि यांनी मान वळवून वर पाहिलं.

त्यांना मी दिसले.

रागावले नाहीत हो. तसं काही नाही. नुसतं बघत राहिले, मग माझ्या मागे दाराकडे बघितलं, आणि तोंड मिटलं. डोळ्यांतून पाणी आलं. त्यानंतर आजपर्यंत पुन्हा उघडलेलं नाही. कागद ठेवले तरी हात लावत नाहीत. माझी चाहूल आता ओळखतात ना.

मला किती लागलं हे तुम्हाला सांगायला हरकत नाही. सगळा जन्म मी या माणसासाठी रांधलं. तो समोर पेपर धरून जेवला, मीठ कमी पडलं तर बोलला, बरोबर पडलं तर गप्प बसला. मी ते चालवून घेतलं, कारण सगळ्यांच्या घरी तेच होतं. पण मशीनपाशी तुमच्या हातचा घास खाताना त्यांच्या चेहऱ्यावर जे असायचं ना, ते मी डबा घेऊन दारात उभी राहून बघायचे. मला हेवा वाटायचा तुमचा. मला वाटायचं, असं न बघता यांनी एकदा माझ्यापुढे तोंड उघडावं. ते गुरुवारी झालं, दोन चमच्यांपुरतं. तेही त्यांना वाटलं तुम्ही आहात म्हणून.

नवं मशीन आलं त्या दिवसाबद्दल मी कधी बोलले नाही. ते आपला कागद आपणच ओढून घ्यायचं, त्याला एकच माणूस पुरायचा. दोघांतला कोण ठेवू, असं मालकांनी यांना तोंडावर विचारलं आणि हे गप्प राहिले. गप्प राहणं हेच उत्तर झालं, यांना ठेवलं आणि तुम्हाला काढलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही गाव सोडलंत. ते बरोबर होतं असं मी म्हणणार नाही, आणि त्यांच्या वतीने माफीही मागणार नाही. ती त्यांनी मागायची आहे, त्यांना बोलता आलं तर. एवढंच सांगते, त्यानंतर निवृत्त होईपर्यंत यांचा डबा रोज अर्धा परत यायचा. मी विचारलं तर म्हणायचे, भूक नव्हती. मी भाज्या बदलून बघितल्या. कसली वेडी मी.

येत्या शुक्रवारी डॉक्टर ठरवणार आहेत. तोवर तोंडाने काही जाऊ लागलं नाही, तर पोटातून कायमची नळी बसवतील. त्यात त्यांची चूक नाही, माणूस किती दिवस असा ठेवायचा? पण एकदा ती बसली की खाण्याची धडपड मागे पडते, असं बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मी त्यांना म्हटलं, यांना भरवणारा माणूस आहे, दूर आहे आणि रागावलेला आहे. त्या म्हणाल्या, मग त्याला लिहा.

म्हणून लिहिते. मागच्या पत्रात येऊ नका असं लिहिलं, ते खोटं होतं. तुम्ही यावं म्हणून माझा जीव कासावीस झालाय. राग घेऊनच या, तो टाकून या असं मी म्हणत नाही. यांच्याशी बोलू नका हवं तर. डाव्या बाजूला उभं राहायचं, चमचा न्यायचा आणि तो एक शब्द म्हणायचा, इतकंच काम आहे. कागद बाई देतील.

मी खोलीत थांबणार नाही. मी दिसले तर पुन्हा तोंड मिटतील. बाहेर व्हरांड्यात बाक आहे, तिथे बसेन. संपलं की दार उघडून मला सांगा, किती चमचे गेले. आणि त्यांनी मान वर करून बघितलं का, बघितलं तर तुम्हाला बघून काय केलं, तेही सांगा. जसं होईल तसं सांगा. मला ऐकायचं आहे.

शुक्रवारच्या आत तुमची वाट बघणारी,
दाराबाहेर बसलेली
तुमची वहिनी